निरोगी गटातला सातवा नमुना

संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मी हृदयरोग्यांचे जीन तपासते. रक्तवाहिन्यांना आतून गंज चढू न देणारं एक एन्झाइम असतं, त्याचा जीन. तुलनेसाठी रोग्यांच्याच वयाच्या निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि साठीतला निरोगी माणूस हुडकूनही सापडत नाही. म्हणून लासूर स्टेशनहून वडलांना बोलावलं. "घे की, मला काय धाड भरलीय?" म्हणत अप्पांनी बाही वर केली.

निकालात निरोगी गटातला सातवा नमुना थेट रोग्यांसारखा निघाला. जीनच्या दोन्ही प्रती कमजोर. अप्पांच्या रक्ताच्या बाटलीवर सात मीच लिहिलं होतं.

"एका जीननं कुणी मरत नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. रोग्यांच्या घरच्यांना मी रोज हेच ऐकवते. ऐकणाऱ्याला त्यानं जराही धीर येत नाही, ते आज कळलं.

अप्पांना फोन लावला. "मका काढतोय, लई घाम आला बघ," ते हसत म्हणाले. मी नुसती त्यांची धाप ऐकत राहिले.

त्यांच्या दोनपैकी एक कमजोर प्रत माझ्यात आलेलीच आहे. आईकडून आलेली कशी आहे, ते तपासलं की कळेल. सुई रोज माझ्याच हातात असते. माझी बाही मात्र वर होत नाही.