आबाला समजलं तरच वहीत

लहानपणी पारोळ्यात आमच्या गल्लीत दवंडीवाल्याची हलगी वाजली की आई हातातलं काम टाकून दारात यायची. तो सरकारी हुकूम एका दमात म्हणून टाकायचा. आई विचारायची, "म्हणजे काय, भाऊ?" मग तो हलगी काखेत धरायचा आणि सावकाश समजावून सांगायचा. पुढच्या दारात पुन्हा तेच. गल्ली होती बारा घरांची, पण त्याला ती पार करायला अख्खी दुपार लागायची.

ती हलगी मला या वयात परत ऐकू यायला लागली ती भूषणच्या दुकानात. भूषण मोबाइल दुरुस्त करतो. त्याच जागेत आधी माझं सायकलचं दुकान होतं. बायको गेल्यापासून दुपारी मी तिथेच स्टुलावर बसतो. त्या दुकानात एक वही आहे. वही तशी पातळच, पण तिचे किस्से साठून साठून तिच्याहून जाड झालेत. काही सांगतो.

*

भूषण आणि पारोळा, धुळे, जळगावकडची चाळीसेक मंडळी मोबाइलवर एक शेतीचा खेळ खेळायची. प्लॉट घ्यायचा, पेरायचं, बैल ठेवायचे. कोणता प्लॉट कोणाचा, ते ब्लॉकचेनवर लिहिलेलं. खेळातले शब्द सगळे इंग्रजी. म्हणून त्यांच्यातल्याच, धुळ्याला कॉलेजात शिकणाऱ्या रूपालीनं ही वही काढून भूषणच्या दुकानात ठेवली. वर शब्द, खाली मराठीत अर्थ. वहीत पक्कं झालं की ती तेच इंटरनेटवर चढवायची.

पहिलाच शब्द ब्लॉकचेन. भूषणनं लिहिलं, 'विकेंद्रित व अपरिवर्तनीय नोंदप्रणाली', आणि कौतुकानं मला वाचून दाखवलं.

"आबा, समजनं का?"

"नही समजनं."

मी सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. चौथ्या दिवशी बिबड्या-पापड करून विकणाऱ्या विमलअक्का मोबाइलची काच बदलायला आल्या आणि आमची झटापट ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लगीनमा आहेर माइकवर वाचतस ना? मामानी तपेलं दिधं, ते बठ्ठा मांडवनी ऐकं. मंग नवरदेवना बाप म्हने, दिधंच नही, ते चाली का?"

मी म्हणालो, "समजनं."

भूषणनं आपली ओळ खोडली आणि अक्कांचा मांडव लिहिला, सगळ्या मांडवानं ऐकलेलं मागून कोणाला नाकारता येत नाही. तेव्हापासून नियम पडला. वहीत काहीही लिहायचं तर आधी आबाला वाचून दाखवायचं. आबा 'समजनं' म्हणाला तरच ते पक्कं, नाहीतर पान कोरं.

*

पुढे अक्काही खेळायला लागल्या. खेळाच्या वॉलेटला बारा इंग्रजी शब्दांची गुप्त किल्ली असते. विसरली तर सगळं गेलं, दुसऱ्याला कळली तरी सगळं गेलं. वहीत आम्ही लिहिलं होतं, 'मोबाइलमध्ये ठेवू नका. पाठ करा.'

अक्कांनी पाठ केली. इंग्रजी जिभेवर बसेना म्हणून तिला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, गाण्याची चाल लावली. चाल लागली की गाणं गळ्याबाहेर येतंच. चैत्रात त्यांच्या गच्चीवर अकरा बायका बिबड्या घालत होत्या. बिबड्या वाळेपर्यंत किल्ली अकरा जणींना तोंडपाठ.

भूषणनं कपाळाला हात लावून नवं वॉलेट उघडून दिलं. वहीत एक ओळ वाढली, 'गाऊ नका.' ती मला लगेच समजली.

जुनी किल्ली मात्र गेली नाही. यंदा आखाजीला झोक्यावर पोरीबाळी तीच गात होत्या. अर्थ कोणालाच ठाऊक नाही, पण चाल सुरेख.

*

पोळा आला. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग तो बैल मोबाइलमधला का असेना. आमच्या चाळीसही जणांनी खेळातलं काम बंद ठेवलं. भूषणच्या आईनं तर मोबाइल पाटावर उभा करून त्यातल्या जोडीला ओवाळलं, आणि पुरणपोळीचा घास काचेला लावला. काच भूषणनंच पुसली.

संध्याकाळी खेळ चालवणाऱ्यांचा निरोप आला. तुमच्या भागात काही बिघाड झालाय का?

रूपालीनं कळवलं, बिघाड नाही, बैलांना सुट्टी आहे.

उत्तर आलं, सुट्टी कोणी दिली? खेळात तशी सोय नाही.

मग तिनं वहीत 'पोळा' हा शब्द अर्थासकट घातला आणि तोच इंग्रजीत करून पाठवला. तिकडून बरेच दिवस काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी श्रावण लागला आणि त्यांचाच निरोप आला, यंदा पोळा कधी आहे?

*

एकदा खेळात कोणी अनोळखी माणूस अक्कांच्या मागे लागला. फुकट प्लॉट देतो म्हणे, फक्त बारा शब्द सांगा. अक्कांनी भूषणला टाइप करायला बसवलं.

"इचार त्याले, गाव कोनतं?"

त्यानं गाव सांगितलं.

"आडनाव काय? घर कोनती गल्लीमा?"

तेही त्यानं काहीतरी सांगितलं.

"आते इचार, मामानं गाव कोनतं?"

माणूस पळाला. परत कधी दिसला नाही. वहीत आता लिहिलेलं आहे, 'फुकट देणाऱ्याला आधी मामाचं गाव विचारा.'

*

पहूरचे एक गृहस्थ वहीची झेरॉक्स घेऊन गेले. खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मुलीसाठी स्थळ आलं होतं आणि मुलगा म्हणे 'ब्लॉकचेनमध्ये' होता. त्यांनी पोहे खाता खाता सगळी झेरॉक्स त्याला विचारली. महिन्यानं परत आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं, नाना? पास झाला का मुलगा?"

"सगळं बरोबर सांगितलं त्यानं."

"मग जमलं?"

"नाही म्हणून कळवलं. चाळीस शब्द विचारले, आबा. एकदाही 'हे मला माहीत नाही' म्हणाला नाही. असल्या माणसाशी पोरीनं जन्मभर बोलायचं काय?"

*

आता शेवटचा.

रूपाली नोकरीला पुण्याला गेली. खेळवाले दर महिन्याला शब्द बदलायला लागले आणि चाळिसातले सहाच खेळणारे उरले. वही उघडून बघायला कोणी येईना. भूषण म्हणायला लागला की आता हे बंद करू, उगाच कोणासाठी लिहायचं? त्याचं बरोबर होतं, हे मी इथे कबूल करतो. पण नवा शब्द नाही म्हणजे "आबा, समजनं का?" असं विचारणारंही कोणी नाही. गिऱ्हाईक नसलेला म्हातारा दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस बसणार?

एका दुपारी त्यानं शेवटच्या पानावर चांगल्या अक्षरात लिहिलं, 'ही वही आजपासून बंद.' खाली कारण लिहिलं. मग सवयीनं मला वाचून दाखवलं.

"आबा, समजनं का?"

मी स्टूल वहीजवळ ओढलं.

"नही समजनं."

त्यानं पुन्हा वाचलं. मी मान हलवली. त्यानं चहा मागवला आणि चहाबरोबर सोपं करून सांगितलं. "जत्रा उठली, आबा. जत्रा उठल्यावर पाळणेवाला थांबतो का?"

"मग कुठे जातो?"

"दुसऱ्या जत्रेला."

"नही समजनं."

त्यानं कागदावर चित्र काढलं. चाळीस माणसं काढली आणि चौतीस खोडली. मी चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं. "नही समजनं."

शेवटी त्यानं समोरच्या घरातून विमलअक्कांना हाक मारून बोलावलं. "अक्का, तुम्ही सांगा यांना. मांडवाचं तुम्हीच समजावलं होतं."

अक्कांनी पान वाचलं. चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"माले बी नही समजनं," म्हणाल्या, आणि बिबड्या उलटायच्या राहिल्यात म्हणून गेल्या.

आबाला समजलं नाही म्हणजे वही बंद करणारं पानही पक्कं नाही, हा नियम भूषणला ठाऊक होता. मी वहीकडे बघत होतो. मग त्यानं पेनाला टोपण लावलं, वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि चहाचे रिकामे पेले घेऊन दुकानातून निघून गेला.