टाकीला बोर्डो

बायकोला ज्या पाण्यात चालायचं होतं, त्या पाण्यात मी द्राक्षांवर फवारायचं औषध टाकलं. चुकून नाही. मापून, विचार करून, वर बांबूने ढवळून.

इंदिरानगरातल्या आमच्या घरामागे मुलाने हौसेने छोटा स्विमिंग पूल बांधून घेतला आणि लगेच नोकरीसाठी तो पुण्याला गेला. आम्ही दोघं त्याला टाकी म्हणतो. निफाडकडे द्राक्षबाग सांभाळणारा माझा धाकटा भाऊ शेततळं म्हणतो. टाकीत कुणी उतरत नव्हतं, आणि तशीच ती राहिली असती. पण बायकोचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, "छातीभर पाण्यात रोज अर्धा तास चाला. दोन महिन्यांनी बघू. फरक नाही पडला तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. पण पाण्याचीही तिला धास्ती. बादलीत वाकून बघतानासुद्धा काठ धरणारी बाई ती. तरी तयार झाली. जुना पंजाबी ड्रेस घालून, माझं मनगट वळ उठेपर्यंत दाबत, एकेक पायरी उतरली. चार दिवसांनी टाकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आणि चक्क हसली. आठवड्याने जिना चढताना कठड्याला हात लावला नाही. मी पाहिलं, पण बोललो नाही, दृष्ट लागायची.

या सगळ्या कौतुकात क्लोरिन टाकायचं मात्र मी विसरत होतो. एप्रिलचं ऊन. पाणी आधी पोपटी झालं, मग पायऱ्यांवर शेवाळ धरलं, आणि एका सकाळी तिचा पाय सटकला. मी धरलं म्हणून पडली नाही. पण बाहेर येऊन बसली ती पाण्याकडे पाठ करून.

"शेवाळ जाईपर्यंत मी उतरणार नाही," ती म्हणाली. "आणि फार दिवस लागले तर नंतरही उतरणार नाही. सांगून ठेवते."

पूलचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "सर, आधी पीएच तपासा, मग क्लोरिन." मला राग आला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. लिटमस कागद निळ्याचा तांबडा करून दाखवताना पोरांनी वाजवलेल्या टाळ्या अजून कानात आहेत. त्या मला हा पीएच सांगणार?

शेवाळ म्हणजे बुरशीची चुलत बहीण, असा मी परस्पर निकाल लावला. आणि बुरशीवरचं औषध आमच्या घराण्यात वडिलांपासून एकच: बोर्डो. मोरचूद आणि चुना. द्वारका चौकातल्या खतांच्या दुकानातून दोन्ही घेऊन आलो.

बोर्डो जमलाय की नाही हे बघायची गावाकडची रीत आहे. मिश्रणात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांब्याची लाली चढली तर मोरचूद जास्त, चुना वाढवायचा. पातं स्वच्छ निघालं की झालं. ही रीत फवारणीच्या पिंपासाठी आहे, एवढा तपशील तेवढा माझ्याकडून सुटला. मी टाकीच्या काठावर उकिडवा बसून विळा बुडवला. पातं तांबूस दिसलं, निदान मला तरी दिसलं. चुना घातला. पुन्हा बुडवला. पुन्हा चुना. अख्खी पिशवी संपली तेव्हा कुठे पातं लख्ख निघालं, आणि मी घरात येऊन स्वतःच्या हाताने चहा करून प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको खांद्यावर टॉवेल टाकून उत्साहाने मागे आली. टाकीत निळसर ताक भरलं होतं.

"अहो, हे काय?"

"बोर्डो."

"मग आज मी चालायचं, का मला घड लागायची वाट बघायची?"

"शेवाळ मेलं बघ सगळं."

"शेवाळ कुठलं, पायरीसुद्धा दिसत नाहीये."

ती आत गेली. पाय लांब करून खुर्चीत बसली आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. रागावली असती तर बरं होतं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कठडा धरून जिना चढली. त्याच दिवशी मी भावाला फोन केला.

तो मोटरसायकलवरून आला. काठावर उभा राहून पाण्यात डोकावला.

"दादा, लय भारी. आता वेल कधी लावताय?"

"थट्टा पुरे. उपाय सांग."

"पीएच पाहिला का?"

"अरे, पीएच मी तीस वर्षं..."

"शिकवला. पाहिला का?"

त्याने खिशातून पेनाएवढं यंत्र काढलं आणि पाण्यात बुडवलं. दहाच्या वर आकडा. "फवारायच्या आधी पाण्याचा पीएच आम्ही रोज बघतो, दादा. एवढ्या चुन्यात क्लोरिन नुसता बसून राहतो, काम नाय करत. आणि त्या मोरचुदाने वहिनींचे पांढरे केस हिरवे झाले असते."

मग दोन दिवस पंप बंद. गाळ खाली बसला, तो आम्ही पाइपने ओढून काढला. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. पायऱ्या मी गुडघ्यांवर बसून घासल्या. माझेही गुडघे आहेत हे तेव्हा कळलं. नंतर भावाने थोडं थोडं ॲसिड घालून पीएच खाली आणला आणि मगच क्लोरिन टाकलं. मला फक्त झाकण धरायला दिलं होतं.

रोजची तपासणी तरी माझ्याकडे राहील असं वाटलं होतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग कार्डाशी जुळवायचा. मी म्हणालो, "गुलाबी." बायकोने नळी हातातून घेतली. तिचं माहेर येवल्याचं, पैठणीच्या रेशमाच्या लडींत वाढलेली. "हा गुलाबी? हा डाळिंबी आहे. अजून चुना आहे यात." कार्डावर बोट ठेवून दाखवलं. बरोबर होतं. त्या दिवसापासून नळी तिच्याकडे, थेंबांची बाटलीही तिच्याकडे.

ती पुन्हा उतरली. पहिले दोन दिवस माझं मनगट दाबून, तिसऱ्या दिवशी नुसती करंगळी धरून. पुढच्या आठवड्यात ती हात सोडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि वळून परत आली, तेव्हा मी रिकामा हात पाण्यात तसाच पुढे धरून उभा होतो.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघे वाकवून बघितले, चालायला लावलं, आणि म्हणाले, "ऑपरेशन आता नको. असंच चालू ठेवा." मला इतका आनंद झाला की मी त्यांचाच हात हातात घेतला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि तिला विचारलं, "पाण्याची भीती वाटते का अजून?"

"पाण्याची गेली," ती म्हणाली. "यांची तेवढी राहिलीय."