बोडी बुजवणारा माझा दादा

मुर्रीला माझ्या सासरच्या दारात गोंदियाचा गवळी सायकल टेकवून उभा राहिला आणि चरवीला हात न लावताच म्हणाला, "बाई, मेंबरसाब चल बसे." मेंबरसाब म्हणजे माझा थोरला भाऊ, गोविंददादा. मी त्या गवळ्यावरच खेकसले, दादा मरेल कसा? परवाच तर दादा जेवून गेला होता आणि जाताना माझ्या वरणाला नावंही ठेवून गेला होता... आता महिना उलटून गेला, तरी सायकलची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून दारात येते.

आम्ही अर्जुनी मोरगावाकडचे कोहळी. तलाव बांधावेत, राखावेत, हेच आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केलं. मुलगा हाताशी आला की त्याने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मातीचं एक टोपलं टाकायचं, मगच तो घरचा कर्ता, अशी आमच्या घरची रीत. दादानेही टाकलं आणि भाताच्या गिरणीत नोकरी धरून गोंदियाला गेला. तिथल्या मोहल्ल्याने त्याला म्युनिसिपालिटीवर काय पाहून निवडून दिलं, देव जाणे! त्याची हिंदी ऐकून लोक पोट धरून हसत. "नाली में कचरा काऊन डालता जी?" असं तो भर रस्त्यात ओरडायचा. पण काठी घेऊन रोज सकाळी गल्लीगल्ली फिरणारा, झाडूवाल्यांच्या बरोबरीने नाली उपसायला वाकणारा मेंबर त्यांनी आधी पाहिला नव्हता. नवरा-बायकोच्या भांडणापासून हरवलेल्या बकरीपर्यंत सगळं त्याच्या ओसरीवर यायचं. वहिनी चहा करून करून वैतागायची. "या घराले दार तरी कायले लावलं जी?" असं तिने मला किती वेळा विचारलं असेल!

मोहल्ल्याच्या मधोमध एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. पावसाळा सरला की घरोघर थंडीताप. बोडी बुजवा, असं डॉक्टर दरवर्षी म्हणत आणि दादा दरवर्षी सभेत आडवा येई. कोहळ्याच्या पोराने पाणी बुजवायचं? एका उन्हाळ्यात त्याने सगळ्या मोहल्ल्याला कामाला लावून बोडीतला गाळ काढला, पाळ चोपली, गावाकडून मासोळीचं बी आणून सोडलं. आपण गावच्या तलावासारखा तलाव केला, या आनंदात तो महिनाभर तरंगत होता. गावच्या तलावात रानाचं पाणी येतं आणि मोहल्ल्याच्या बोडीत नाल्यांचं, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या ध्यानातच आली नाही. पुढच्या पावसाळ्यात मासोळ्या उलट्या होऊन वर आल्या. त्या वर्षी ताप असा आला की गल्लीतल्या रामकलीची दोन्ही लेकरं एकामागून एक गेली.

रामकली तेलीण दादाच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली. रडलीसुद्धा नाही. "मेंबरसाब, तुम्हारा तालाब हमारे बच्चे खा गया," एवढंच बोलून गेली. दादा दोन दिवस जेवला नाही. पुढच्या सभेत बोडी बुजवण्यासाठी पहिला हात त्याचा वर होता. काम सुरू झालं तेव्हा पहिलं टोपलं टाकायला कोणी पुढे होईना, पाणी बुजवण्याचं पाप कोण घेणार? दादाने स्वतः टोपलं उचललं आणि टाकलं.

बातमी गावी गेली. आमची माय छोट्या रेल्वेगाडीने गोंदियाला आली, ती भोपळ्याच्या तुंब्यात आपल्या तलावाचं पाणी घेऊनच. दादाने नेहमीसारखा तांब्या भरून पुढे ठेवला. तिने हात लावला नाही. "ज्या हातानं पाळीवर माती टाकली, त्याच हातानं बोडी बुजवलीस. तुह्या घरचं पाणी मले चालत नाही." दादा वाद घालणारा माणूस, भल्याभल्यांना सभेत गप्प करायचा. मायपुढे मात्र तो तांब्या तसाच ठेवून ओसरीवर जाऊन बसला. त्यानंतर माय दरवर्षी यायची, राहायची, नातवंडांना खेळवायची, पण पाणी तुंब्यातलं. आणि दादा दर वेळी तांब्या भरून ठेवायचाच. शेवटचा मुर्रीला आला तेव्हाही बोलता बोलता म्हणाला, "मायनं एक घोट घेतला असता वं बाई..." आणि लगेच माझ्या वरणाकडे वळला. माझ्या दादाने एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीही त्याला मिळाली नाही, याचं मला फार दुःख होतं.

दादा गेल्याचं कळून माय गोंदियाला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली. समोर बुजवलेल्या बोडीच्या मैदानात पोरं धुमाकूळ घालत होती. रामकली येऊन तिच्या पायाशी बसली आणि त्यातली दोन हाका मारून जवळ बोलावली. "माँजी, ये दोनों बोडी बंद होने के बाद के हैं. ताप आता है, पर उतर जाता है."

मायने दोघांच्या तोंडावरून हात फिरवला. मग मैदानाकडे बघतच मला म्हणाली, "पाणी आन."

मी तुंबा पुढे केला. तिने तो बाजूला सारला. "हे नाही. गोविंदाच्या घरचं."

मी दादाचा तांब्या भरून आणला. घटाघटा प्याली, पदराने तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, "आनखी दे."