हाळी कोण देतं?

“हाळी कोण देतं यांना?” मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता काका विचारायचे. तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेबलावर वल्ह्यांसारखी चालू असायची. आत, मागे. आत, मागे.

मस्कतपासून दोन तासांवर, किनाऱ्यालगत कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात मी नवी केमिस्ट होते. काका गुहागरकडचे, तिथले जुने टेक्निशियन. पिल्लांना खायला लागणारं हिरवं पाणी ते टाकीत वाढवायचे. त्यातल्या प्रत्येक हिरव्या पेशीला चार बारीक शेपट्या. त्या मारत ती पोहते.

“आमच्या होडीत चार वल्ही असली की एकानं ओरडावं लागतं, नायतर होडी गिरकी घेते. हिथं कुणी ओरडत नाय, तरी चुकत नाय.”

मी कमी बोलायचे, आखातातच वाढल्यानं मराठी अडखळायचं. तरी कॉलेजात वाचलेलं सांगितलं. शेपट्यांची मुळं आतून तंतूंनी बांधलेली असतात, आणि एकीनं ढकललेलं पाणी दुसरीलाही जाणवतं.

“म्हणजे शेजारणीचा धक्का,” ते म्हणाले. “चाळीत राहिलात तर समजंल, मॅडम.”

जूनमधली दुपार. काका बाहेर पंपाकडे होते. मी ड्रॉपर नळाखाली धुतला, तसाच ओला वापरून टाकीतला थेंब मायक्रोस्कोपच्या काचेवर घेतला. एकही पेशी हलत नव्हती. मी मॅनेजरना सांगितलं, हिरव्या पाण्याचं कल्चर मेलं.

“सब डेड? यल्ला, चलो, टँक खाली करो. सड़ेगा तो पूरा यूनिट जाएगा.”

पिल्लांचं पुढचं खाणं चार वाजता होतं. हे पाणी सोडलं की नवं तयार व्हायला आठवडा. पिल्लं तर एक दिवसही काढणार नव्हती.

काका धावत आले आणि व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे राहिले. “सर, पाँच मिनट.”

“मैडम ने चेक किया है.”

“मैंने नहीं किया.”

त्यांनी आधी माझीच काच पाहिली. बोटं टेबलावर नुसती पडून होती. “शेपट्याच गळाल्यात,” ते पुटपुटले. मग माझा ड्रॉपर उचलून गालाला लावला. माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही आखातात राहिला असाल तर तुम्हाला कळलंच असेल. नळाच्या पाण्याची टाकी गच्चीवर, उन्हात. उन्हाळ्यात थंड नळातून चटका देणारं पाणी येतं. घरी आम्ही गीझर बंद ठेवून गरम नळ सोडतो, कारण घरात सावलीत असलेल्या त्या बंद गीझरमधलंच पाणी गार असतं. लॅबमध्ये मी हे विसरले होते.

कोरडा ड्रॉपर, नवा थेंब. काकांची बोटं हळूहळू चालू लागली.

“सब तैर रहे हैं, सर.”

“तो पहले क्या था?”

काकांना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळाच उचलला नाही. बोटं पुन्हा थांबली होती.

“सर, ड्रॉपर मैंने धोया था. गरम पानी से.” इतकं हळू, की मला ते दोनदा म्हणावं लागलं.

मॅनेजर जे बोलायचं ते बोलून निघून गेले. काकांनी व्हॉल्व्हची मूठ उगीचच पुसली. “बरं झालं, तूच बोललीस, बाय.”

त्या दिवसापासून ‘मॅडम’ गेलं, त्यांच्याकडे लेकीला म्हणतात ते ‘बाय’ आलं.

यंदा त्यांचं काँट्रॅक्ट संपलं, ते गावी गेले. आमच्या लॅबमध्ये मराठी वाचता येणारी मी एकटीच. तरी थंड नळावर त्यांच्या हातची पट्टी अजून आहे, मार्करनं लिहिलेली: ‘बाय, हा नळ तापतो.’