बॉयलरवरचं कुंकू

घरी गुलाबपाणी काढायचं, हे खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात अर्धांगाच्या आजारातून उठल्यावर शिरलं. बॉयलरसाठी बेगम बाजारातून झाकणाचा मोठा स्टीलचा डबा आणला. शेजारच्या खाला हसल्या, "क्या भाभी, दारू की भट्टी लगा रहे?" मी म्हटलं, "लगा रहे ना! पहली बाटली तुमकोच!"

हे आयुष्यभर कारखान्यात फिटर. आता उजवा हात थरथरायचा. झाकणाच्या भोकात वाफेसाठी स्टीलची नळी बसवून सोल्डर करायची होती, म्हणजे कथील वितळवून सांधायची होती. "एवढा एक सांधा जमला नाही, तर हत्यारं देऊन टाकीन," ह्यांनी जाहीर केलं. मला धडकीच भरली. हत्यारं गेली की हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघणार, दुसरं काय!

सकाळी पॉलिश पेपरने नळीभोवतीची जागा लख्ख घासली. स्टीलवर सोल्डर सहजी बसत नाही, म्हणून ॲसिडचं फ्लक्सही आणलेलं. पण सुरू करण्याआधी कारखान्यातली दसऱ्याची सवय आडवी आली. गुळगुळीत स्टीलला चिकटावं म्हणून ह्यांनी तेलाच्या बोटाने नळीशेजारी कुंकू लावलं, हात जोडले आणि कामाला बसले.

एका बाजूला सोल्डर छान पसरलं. दुसऱ्या बाजूला त्याचे मणी होऊन घरंगळू लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ह्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "संपलं. हात गेला माझा."

असा संताप आला मला! झाकण उचलून खिडकीपाशी नेलं. मणी नेमके कुंकवापाशीच जमलेले.

"अहो, तेल! घासलेल्या जागेवर कुणी तेलबोट लावतं का? पुसा ते."

ह्यांचा चेहरा उतरला. "कुंकू पुसू? आणि हे तू सांगतेस?"

दवाखान्याच्या बाकावर बसून त्याच एका भीतीने मी अर्धमेली झाले होते. पण मग पदर घेतला आणि ते कुंकू खसाखसा पुसून काढलं.

"माझं कुंकू समोर बसलंय. हा डबा आहे. धरा ते आयर्न!"

ह्यांनी जागा पुन्हा घासली, फ्लक्स लावलं. हात थरथरत होताच, पण सोल्डर नळीभोवती सबंध फिरलं. नळीचं तोंड बोटाने दाबून, झाकण उलटं धरून पाणी ओतलं, सांध्यातून थेंबही गळला नाही.

हे आपल्या हाताकडे बघत बसले. "अजून थरथरतोय गं."

"थरथरू द्या की," मी म्हटलं. "माझाही थरथरतोय."