बुटांना लावलेली माती

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई चारचौघांत सांगायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. तरीही हिंगोलीत तरुणांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण निघालं तेव्हा शिक्षकांमधून मी आपण होऊन पुढं झाले. बोलायचं काम आहे, आपल्याला जमेल, असं वाटलं. ते ऐकायचं काम आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं.

दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं डोंगरकडा नावाच्या गावाला जायचे. आसपासच्या गावांतली, तांड्यांवरची पंधरावीस पोरंपोरी जमायची. भीती वाटली की शरीरात काय होतं, अशा वेळी श्वास कसा सोडायचा, मनातलं कुणाशी आणि कसं बोलायचं, असलं सगळं शिकवायचं. पहिला नियम म्हणजे इथलं बोलणं इथंच राहील. तो मी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे.

तिथंच ती भेटली. जवळच्या तांड्यावरची, एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. महिनाभर गप्प बसली. मग एकदा सगळे गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "ताई, मी पळायला जातच न्हाई."

रोज पहाटे बूट घालून निघायची. मैदानाशी पोचलं की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. मग तासभर शाळेच्या भिंतीमागं बसून राहायची. परतताना हातपंपाजवळच्या ओल्या मातीत बूट घासायची, कारण वडील रोज बूट बघायचे. ते बूट आणायला ते स्वतः नांदेडला गेले होते. माझं लेकरू वर्दी घालणार, असं अख्ख्या तांड्याला सांगून बसले होते.

"माझ्या बाला दुसऱ्या कुनी सांगायच्या आधी मला सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं."

तिला एवढंच हवं होतं. आम्ही दोघी तालीम करायला लागलो. मी बाप व्हायचे, ती बोलायची. पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा मला बघून हसली. नंतर डॉक्टरांकडे यायलाही तयार झाली. हळद शिजवून झाली की बा जरा निवांत असतो, तेव्हा सांगते, असं तिचं ठरलं.

त्याच दिवसांत वसमतच्या एका महाविद्यालयानं मला भाषणाला बोलावलं. सभागृह भरलेलं, पण पोरं मोबाईलमध्ये मुंडी घालून बसलेली. मला ते सहन होईना. मी तिची गोष्ट काढली. मुलीचा मुलगा केला, पोलिसाचं सैन्य केलं, तांड्याचं कुठलंतरी लांबचं गाव केलं. बूट मात्र ठेवले. गोष्टीत जान त्यांच्यामुळेच होती, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. एवढ्यावर भागलं नाही. मी पायातली चप्पल काढून फरशीवर घासून दाखवली. पोरं खो खो हसली. मग आवाज खाली आणून उपदेश केला, टाळ्या घेतल्या, आणि परतीच्या बसमध्ये खुशीत भजी खाल्ली. ती भजी आठवली की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

सभागृहात तिची आतेबहीण होती, वसतिगृहात राहून शिकणारी. दिवाळीला तांड्यावर गेली असताना तिनं हिला हातपंपाजवळ बूट घासताना पाहिलं होतं. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता, तो मी लावून दिला. संध्याकाळी तिनं घरी फोन केला, काळजीनंच केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तांडाभर झालं. बापाला सगळ्यांत शेवटी कळलं, हळद शिजत होती तिथं, शेजाऱ्याकडून. हे मला गटातल्या तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

शनिवारी ती आली नाही, म्हणून मी तांड्यावर गेले. वडिलांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, लेकराला पळायचं भेव वाटतं, त्याचं काही न्हाई," ते म्हणाले. "पर मला काहून सांगितलं न्हाई? तुमाला सांगितलं, लोकायला कळलं. मलाच न्हाई. मी काय मारलं असतं का तिला?"

चूक माझी आहे, ती तुम्हालाच सांगणार होती, असं मी परत परत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास बसल्याचं दिसलं नाही. "असू द्या," म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

मग ती आतून आली. मी हात जोडले, माफी मागितली.

"लई हसले म्हने पोरं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. खोटं बोलून आता काय वाचवायचं होतं?

"ताई, माझं पाठ झालं होतं. म्हनून दाखवू का?"

नको म्हणायचा मला हक्क नव्हता. वडील गेले त्या वाटेकडे तोंड करून ती सरळ उभी राहिली आणि कुठंही न अडखळता म्हणाली, "बा, रागावू नको. मी रोज तुझ्याशी खोटं बोलून राहिले. मला लई भेव वाटतं. आन् हे मी सगळ्यात आधी तुलाच सांगून राहिले."