शरणम्माचा कॉम्प्युटर आणि पेंडीचं पोतं

मंद्रूपच्या बाजाराला जाणारा माणूस शरणम्माच्या गाळ्यापुढून गेला, की आतून दोन आवाज यायचे. एक तिच्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा, दुसरा तिचा. पंखा निदान मधूनमधून दमायचा.

साऱ्या गावाचे फॉर्म तीच भरायची. कॉम्प्युटर बारा वर्षांचा, स्वभावानं म्हशीसारखा. उठवलं तर उठणार, पण आधी रवंथ करणार. याचं खापर नवऱ्याच्या डोक्यावर. "तुमच्या तंबाखूचा भुगा गेलाय त्याच्यात," हे ऐकून ऐकून रेवणसिद्धनं सहा वर्षांपूर्वीच गाळ्यात पाऊल टाकायचं सोडलं होतं.

त्यात या महिन्यात फॉर्मच उघडेनात. जुनं विंडोज चालणार नाही म्हणे. रेवणसिद्धला तेवढंच पाहिजे होतं.

"सोलापूरचा माणूस येतोय न्हवं आज? दिवेलागणीपर्यंत चालू झालं तर गाळा तुझा. न्हायतर म्हशींची पेंड ठेवतो तितं." आणि पहिलं पोतं आणून उंबऱ्याला टेकवलंसुद्धा.

सोलापूरहून बिलाल आला. गावाचे फोटो, दाखले त्यानं आधी पेनड्राइव्हवर काढून घेतले, मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून विभूती उडाली. बिलालला तीन शिंका आल्या.

"अक्का, मशीन हाय का मठ?"

"खंडेनवमीला पूजा करते की. झाकण काढून. नमस्कार पत्र्याला करायचा का मेंदूला?"

आत रॅमची एक पट्टी होती. शेजारच्या रिकाम्या खाचेत बिलालनं दुसरी बसवली, बटण दाबलं. टीं, टीं, टीं. काढली, पुसली, पुन्हा बसवली. टीं, टीं, टीं.

"ही खाच मेलीय, अक्का. एका पट्टीवर नवीन विंडोज ओढायचं न्हाय. भंगारात घाला."

उंबऱ्यावरून आवाज आला, "दुसरं पोतं आणू की?"

"आधी तोंड धुऊन या! तुमचा तंबाखूच हाय त्यात. आत्ता काढून दावते!"

शरणम्मानं बांगडीतली पिन काढली, मोबाईलचा उजेड पाडला आणि डब्यात डोकं घातलं. खाचेच्या टोकाला काहीतरी रुतून बसलं होतं. तिनं उकरलं. तळहातावर तांदळाचा दाणा आला. कुंकवानं लाल झालेला. कुठल्या तरी खंडेनवमीची, तिच्याच हातची अक्षता.

तिचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. मग तिनं दाणा त्याच तोंडात टाकला आणि गिळला.

"काय होतं?" बिलालनं विचारलं.

"तंबाखू."

या खेपेला पट्टी खट्टकन बसली. टींटीं बंद. मग नवं विंडोज चढायला लागलं. ते अर्ध्यावर थांबायचं, बिलाल चहा प्यायचा, पुन्हा सरकायचं. चार चहा झाले. दिवे लागायच्या वेळेला फॉर्म उघडला.

रेवणसिद्ध सहा वर्षांनी आत आला.

"पोतं राहू द्या तितंच," शरणम्मा म्हणाली. "गिऱ्हाइकाला बसायला होतंय."

"राहू दे की." तो तिच्या कानाशी वाकला. "पुढच्या खंडेनवमीला गूळ वाहा. नुसता तांदूळ घशाला लागतोय."

शरणम्मानं खुर्ची पुढं सरकवली. तो बसला. खिशातून तंबाखूची पुडी काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवली, सावकाश मळायला घेतली. गाळ्यात नुसता पंख्याचा आवाज होता.